चौकातला शिपाई आणि पडद्यावरचा शिपाई



जळगाव शहरातून सुरत–नागपूर रस्ता जातो. त्या रस्त्यावर एक चौक आहे, त्याला लोक आकाशवाणी चौक म्हणतात. नाव आपल्या केंद्रावरूनच पडले. आपल्यापैकी बरेच जण बाजारहाटाला, दवाखान्याला, कोर्टकचेरीच्या कामाला या चौकातून गेलेले असतील. पुढच्या वेळी जाल तेव्हा दहा मिनिटे कडेला उभे राहून पाहा. रावेर-सावद्याकडची केळी भरलेले ट्रक येत असतात. एसटी असते, रिक्षा असतात, एका मोटारसायकलीवर बसलेले अख्खे कुटुंब असते. कुठे एखादा ट्रॅक्टर कापसाचे बोचके घेऊन डुलत डुलत चाललेला असतो. आणि या सगळ्याच्या मधोमध, उन्हाने रापलेला, तोंडात शिट्टी धरलेला एक माणूस उभा असतो. वाहतूक शिपाई.

आज मी बोलणार आहे तो या माणसाच्या चित्राविषयी. म्हणजे काय, ते सांगतो.

परदेशात दूरचित्रवाणीवर एक प्रकार फार चालतो. कॅमेरावाला पोलिसांच्या गाडीत बसतो आणि दिवस-रात्र त्यांच्याबरोबर हिंडतो. पोलीस कुणाचा पाठलाग करतात, कुणाला थांबवतात, कुणाच्या तोंडाला नळी लावून दारू प्यायलास का ते तपासतात. हे सारे खरेखुरे टिपायचे आणि घरोघरी दाखवायचे. नट नाही, नटी नाही, लिहिलेले संवाद नाहीत. याला रिॲलिटी शो म्हणतात. अमेरिकेत 'कॉप्स' नावाचा असा कार्यक्रम १९८९ च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि तीस वर्षांहून अधिक चालला. इंग्लंडात १९९४ साली 'पोलीस, कॅमेरा, ॲक्शन' आला. तो तर निव्वळ रस्त्यावरच्या बेशिस्तीवरच होता. गंमत अशी की, दारू पिऊन गाडी हाकू नका असे लोकांना सांगणारा त्याचा निवेदकच २००३ साली दारू पिऊन गाडी चालवताना सापडला आणि कार्यक्रम बंद ठेवावा लागला! त्याच वर्षी बीबीसीने 'ट्रॅफिक कॉप्स' सुरू केला. न्यूझीलंडात 'मोटरवे पेट्रोल', ऑस्ट्रेलियात 'हायवे पेट्रोल', अशी ही भावंडे पुष्कळ आहेत.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आम्हांला याचे काय? आमच्याकडे तर असले काही नाही.

आपल्याकडे हवालदार पडद्यावर आला तो नटाच्या रूपाने. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५ साली आला, तो आमच्या पिढीने तंबूत जमिनीवर बसून पाहिला. त्याच्याही आधीपासून तमाशाच्या वगात शिपाई होताच. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका लागे. पुढे हिंदीत 'क्राइम पेट्रोल' आला. या सगळ्यांत पोलीस म्हणजे नट होता, आणि तो नट आहे हे पाहणाऱ्यालाही ठाऊक होते. हसायचे ते पांडूला हसायचे. पारोळ्याच्या किंवा एरंडोलच्या नाक्यावर उभ्या असलेल्या खऱ्या माणसाला त्याचा धक्का लागत नसे.

आता मात्र गोष्ट बदलली आहे. परदेशात त्या कार्यक्रमाला कंपनी लागते, कॅमेरावाला लागतो, पोलीसखात्याशी करार लागतो. आपल्याकडे यातले काहीच लागत नाही. चौकात कुणाला अडवले की दहा जण खिशातून फोन काढतात. म्हणजे दहा कॅमेरावाले झाले! ३१ डिसेंबरच्या रात्री नाकाबंदीवर वृत्तवाहिन्या असतात, पण बाकीच्या ३६४ दिवशी हे काम आपणच करतो. कुणी कापतो, कुणी त्याला गाणे लावतो, कुणी वर दोन शब्द टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत ती चित्रफीत गावच्या पारावर पोहोचलेली असते. आपल्या धुळ्यावरून जाणारा आग्रा रस्ता पुढे इंदूरला जातो. तिथला एक वाहतूक शिपाई चौकात नाचत नाचत, मागे सरकत वाहने अडवत असे, म्हणून देशभर प्रसिद्ध झाला. ते चित्र पाहून मन प्रसन्न होते, नाही म्हणत नाही. पण सगळीच चित्रे तशी नसतात.

आमच्या गावची एक हकीकत सांगतो. आमचे गाव पारोळ्यापासून जवळ, हमरस्त्याला लागून. तिथला एक दूधवाला माझा जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही. त्याचे नाव आधीच पुष्कळांच्या तोंडी झाले आहे. दोन वर्षांमागे पावसाळ्यात सकाळी त्याच्या चार वर्षांच्या मुलीला तापात आकडी आली. गाडीला दुधाचे कॅन लावलेले होते, ते त्याने ओट्यावर काढून ठेवले. मागे आई बसली, तिच्यामागे बायको, आणि बायकोच्या मांडीवर पदरात गुंडाळलेली पोर. निघाले धुळ्याला. डोक्यावर हेल्मेट नाही, गाडीवर तीन मोठी माणसे अन् एक लेकरू, पाटीवर चिखल. धुळ्यात एका चौकात शिपायाने अडवले. अडवणारच!

भ्यालेल्या माणसाचा आवाज चढतो. हा मोठ्याने बोलला, बोट नाचवले. शिपायाचाही आवाज चढला, त्याने गाडीची किल्ली काढून घेतली. कडेच्या टपरीवरच्या कुणीतरी एवढे टिपले. चाळीस सेकंद. किल्ली हातात घेतली, की चित्र संपले.

पण चौकातला प्रसंग तिथे संपला नव्हता. म्हातारीने नातीच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. शिपायाने पाहिले मात्र, शिट्टी वाजवून समोरची रिक्षा अडवली, "आई, बसा आत, ताई, तुम्हीपण बसा," म्हणून दोघींना पोरीसह बसवले, रिक्षावाल्याला दवाखाना सांगितला, किल्ली परत दिली आणि याला म्हणाला, "तू मागून ये, पण हळू ये." रिक्षावाल्याने भाडे घेतले नाही. पोर वाचली. हेल्मेटचे चलान पुढे आलेच, आणि ते यायलाच हवे होते. याने ते भरले.

हे सारे त्या चाळीस सेकंदांत कुठून येणार? चित्रफितीला कुणीतरी गाणे लावले, वर 'दादागिरी' असे लिहिले. दादागिरी कुणाची, हेही लिहिले नाही! मग काय, निम्म्यांनी दूधवाल्याला शिव्या घातल्या, निम्म्यांनी शिपायाला. गावात पोरांनी त्याचे नाव 'चाबी' पाडले. तो मला म्हणाला, "गुरजी, पोर मनी बची गई, पन लोके हासतस." बाजाराच्या दिवशी तो पारावरून न जाता शेतातल्या वाटेने जाऊ लागला.

आता मला सांगा, यात खोटे काय होते? चित्र खरेच होते. त्याने बोट नाचवले ते खरे, शिपायाने किल्ली काढली तेही खरे. तरी त्यातून जी गोष्ट लोकांपुढे गेली ती साफ खोटी. परदेशातल्या त्या कार्यक्रमांतही असेच असते. तासन् तास चित्रण करायचे आणि त्यातले काही मिनिटांचे ठेवायचे. जिथे पाठलाग आहे, आरडाओरड आहे, रडारड आहे, तेवढे ठेवले जाते. शिपाई चार तास उन्हात उभा होता आणि काहीच झाले नाही, हे कोण दाखवणार? खरे म्हणजे काहीच झाले नाही हेच त्याचे काम!

आणि कॅमेरा समोर असला की माणूस बदलतो. तुमच्या शाळेत तपासणीला साहेब आले की वर्ग कसा बसतो, ते आठवा. शिपाईही माणूसच. कुणी जास्त गोड होतो, कुणी जास्त कडक. एवढ्यावरच भागले तर ठीक, पण अमेरिकेत टेक्सास राज्यात याहून फार वाईट घडले, ते थोडे सविस्तर सांगायला हवे.

'लाइव्ह पीडी' नावाचा एक कार्यक्रम तिथे जोरात चालला होता. २०१९ च्या मार्चमध्ये एका रात्री जेव्हिअर ॲम्ब्लर नावाचा माणूस गाडी घेऊन घरी चालला होता. समोरून गाडी आली असता त्याने आपले दिवे खाली केले नाहीत. अपराध एवढाच. आपल्या रस्त्यांवर रात्री निघालो तर असले अपराधी किती भेटतात, ते मोजताही येणार नाही! पोलीस मागे लागले, तो थांबला नाही, बावीस मिनिटे पाठलाग झाला. शेवटी गाडी अडली. त्याला विजेचा झटका देणारे यंत्र पुन्हा पुन्हा लावले. मला हृदयाचा आजार आहे, मला श्वास घेता येत नाही, असे तो सांगत होता. तो मेला. आणि त्या रात्री पोलिसांबरोबर कार्यक्रमाचे कॅमेरावाले होते. त्यांनी टिपलेले चित्रण कधीच दाखवले गेले नाही, आणि पुढे ते नष्ट केले गेले. ही गोष्ट बाहेर आली २०२० च्या जूनमध्ये, म्हणजे सव्वा वर्षाने. त्याच दिवसांत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला होता आणि सारा देश पेटला होता. एका दिवसाच्या अंतराने 'कॉप्स' आणि 'लाइव्ह पीडी' दोन्ही बंद करण्यात आले. 'कॉप्स' पुढच्या वर्षी दुसरीकडे पुन्हा सुरू झाला, ते वेगळे. ॲम्ब्लरच्या प्रकरणातले दोन पोलीस २०२४ साली खटल्यातून निर्दोष सुटले, हेही सांगितले पाहिजे. पण टेक्सासने २०२१ साली त्या मृताच्या नावाने कायदा केला, की पोलीसखात्याने असल्या कार्यक्रमांशी करार करायचा नाही.

मला यातली एक गोष्ट फार लागली. कॅमेरा होता, साक्षीदार होता. पण तो साक्षीला उभा राहिला नाही, कारण तो साक्षीसाठी ठेवलेलाच नव्हता. तो तमाशासाठी होता.

म्हणून मी कॅमेऱ्याच्या विरुद्ध आहे असे समजू नका. साक्षीचा कॅमेरा मला हवा आहे. आपल्या देशात २०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यापाठोपाठ २०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने नियम केला, तो १६७अ. त्यात रस्त्यावरचे कॅमेरे, वेग मोजणारी यंत्रे आणि शिपायाच्या छातीवर लावायचा कॅमेरा, हे सर्व येते. पुढे कॅमेऱ्याची देखरेख आहे अशी पाटी रस्त्यावर आधीच लावली पाहिजे, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवली पाहिजे, असेही त्यात आहे. म्हणजे तुमचे चित्र कुणी, कशासाठी घेतले, याला काही धरबंध आहे. टपरीवरच्या फोनला तो नाही.

शिक्षक बंधुभगिनींना दोन कलमे मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या दारात येतात. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार. पंचवीस हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आपल्या शाळेच्या कुंपणाबाहेर नववी-दहावीच्या पोरांच्या किती गाड्या उभ्या असतात, ते आपण पाहतो आणि पाहिले न पाहिले करतो. दुसरे कलम त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. असे अल्पवयीन पोर पकडले गेले, तर बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ प्रमाणे त्याचे नाव, चेहरा, शाळा, काहीच प्रसिद्ध करता येत नाही. वर्तमानपत्राला नाही, वाहिनीला नाही, आणि माझ्या समजुतीने गावच्या ग्रुपवर टाकणाऱ्यानेही स्वतःला त्यातून सुटलेला समजू नये.

आणि हो, जखमी पडलेल्या माणसाचे चित्र घेत उभे राहणाऱ्यांना विचारले तर म्हणतात, हात लावला की पोलिसांचे लचांड मागे लागते. तसे राहिलेले नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ साली कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवा आणि निघून या. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

आता या चित्रांत काय दिसत नाही ते पाहू. २०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली ५०,०२९ माणसे हेल्मेट नसलेली होती. हे सरकारी आकडे आहेत. पडद्यावर मात्र दिसतो एक मूर्ख चालक आणि एक शिपाई. रस्ता दिसत नाही. आपल्या खानदेशातलीच उदाहरणे घ्या. २०२१ च्या फेब्रुवारीत यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला आणि पंधरा मजूर गेले. मजूर मालाच्या ट्रकमधून का येत होते? रात्री काम संपल्यावर त्यांना गावी नेणारे दुसरे काय होते? ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला आग्रा रस्त्यावर एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. तो वाहनांना उडवत रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. निदान दहा माणसे गेली. त्यात कुणी हेल्मेट घातले नव्हते म्हणून का मेले? उताराचा रस्ता, ओझ्याची गाडी आणि कडेला चहा पीत बसलेली माणसे, यांचा विचार कुणा शिपायाच्या शिट्टीने होत नाही. दुभाजकातली फट दीड कोस लांब ठेवली, की शेतकरी उलट्या बाजूने बैल घेऊन येणारच. त्याचे चित्र काढून हसणे सोपे आहे. फट कुठे असावी हे ग्रामसभेत ठराव करून मागणे कटकटीचे आहे.

तरी आपल्या हातातलेही काही आहे, ते मी झाकत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागे लाल चमकपट्टी लावायला फार पैसे पडत नाहीत. ज्यांनी रात्री अंधारात अशा ट्रॉलीवर आदळलेली मोटारसायकल पाहिली आहे, त्यांना जास्त सांगायला नको.

जुन्या श्रोत्यांना एक आठवण देतो. १९५६ साली पुणे केंद्राने एक प्रयोग केला होता. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे केली. आपल्या शेजारचा नाशिक जिल्हा त्यात होता. लोक एकत्र बसून शेतीवरचा कार्यक्रम ऐकत आणि तो संपला की त्यावर बोलत. हे आमच्या जमिनीत चालेल का, हे खरे का, असे विचारत. युनेस्कोने त्याची दखल घेतली होती. ऐकण्याइतकेच मागाहून बोलण्याला तिथे महत्त्व होते. आज आपण पाहतो, हसतो आणि पुढे ढकलतो. मधले बोलणे गळाले आहे.

हे मला सुचले ते पुस्तकातून नव्हे. गेल्या जूनमध्ये त्या दूधवाल्याची तीच मुलगी आमच्या शाळेत पहिलीत आली. बारीक, बोलकी पोर. पंधरा दिवस झाले असतील नसतील, सातवीच्या पोरांनी मधल्या सुटीत तिला फोनवर ती जुनी चित्रफीत दाखवली. ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "गुरजी, मना बाप चोर शे का?"

मी सव्वीस वर्षे शिकवतो आहे. त्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आले नाही. नाही म्हणालो असतो, तर तिने फोनकडे बोट केले असते. फोनमध्ये तर पोलीस तिच्या बापाची किल्ली काढून घेत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला शाळेत बोलावले. येईना. दोनदा निरोप धाडला, तेव्हा सकाळचे दूध घालून आला. सातवीच्या वर्गात फळ्यापाशी उभा केला. पोरे तोंड दाबून हसत होती. मी म्हटले, चाळीस सेकंद तुम्ही पाहिलेत, आता पुढचे ऐका. त्याने सांगितले, अहिराणीतच सांगितले. आकडी, म्हातारीचा पदर, शिपायाची शिट्टी, रिक्षा. रिक्षावाल्याने भाडे घेतले नाही हे सांगताना तो थांबला. वर्ग गप्प होता.

मग मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "काका, मंग हेल्मेट काबर नही व्हतं?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. तो म्हणाला, "व्हतं ना रे भो. घर ठेयेल व्हतं."

पोरे हसली, आणि तोही हसला. बऱ्याच दिवसांनी त्याला तसे हसताना पाहिले. घंटा झाली. तो बाहेर जाऊन गाडीवर बसला. रिकामे कॅन वाजले. हेल्मेट आरशाला अडकवलेले होते. मी ओट्यावरून हाक मारली, तेव्हा कुठे त्याने ते काढून डोक्यावर घातले.